रात्रीत उतरणारी हवा आणि टाकीतलं तेल : ट्रकचे एअर ब्रेक कसे तपासावेत

साखर कारखान्याच्या यार्डात पहाटे चारला गव्हाणीकडची रांग हलायला लागली की दहा-बारा गाड्या एकदम स्टार्टर मारतात आणि केबिनांमधून ब्रेकची हवा कमी असल्याचं सांगणारे बजर ओरडायला लागतात. काही गाड्यांचे बजर मिनिटभरात गप्प होतात. काही पाच-पाच मिनिटं बोंबलत राहतात, मागचे हॉर्न मारतात आणि शिव्या मात्र किन्नर (गाडीचा क्लीनर) खातो. एखाद्याच गाडीचा बजर वाजत नाही, कारण रात्री काट्यावर साडेआठ बार (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) असताना उभी केलेली ती गाडी पहाटेही सात-साडेसातवर असते. कोणत्या गाडीची हवा गळते हे कळायला यार्डातली ती पाच मिनिटं पुरेशी आहेत, गॅरेज लागत नाही.

माझ्या गाड्या गेवराई-बीड पट्ट्यातल्या. हंगामात ऊस, एरवी जालन्याची सळई नाहीतर लातूरची डाळ. मांजरसुंब्याचा उतार आणि धारूरचा घाट नेहमीचाच, त्यामुळे ब्रेकच्या बाबतीत हयगय परवडत नाही. तरी एक गोष्ट कळायला मला बरीच वर्षं आणि बराच पैसा लागला : हवा गळणं आणि हवेच्या टाकीत तेल येणं हा बहुतेक वेळा एकच आजार असतो. गळती आधी येते, तेल तिच्या मागून.

त्याचं कारण असं. टाक्यांत हवा दाबून भरणाऱ्या कॉम्प्रेसरला वंगण इंजिन ऑइलचंच. पिस्टन रिंगवरून थोडं तेल हवेबरोबर वर जातंच, अगदी नव्या कॉम्प्रेसरमध्येही. टाक्या भरल्या की अनलोडर त्याला मोकळा करतो, कॉम्प्रेसर फिरत राहतो पण हवा दाबत नाही, आणि तेवढ्यात तो थंड होतो. गाडीत कुठे गळती असेल तर हा विसावा मिळत नाही. कॉम्प्रेसर सतत लोडवर राहतो, डोकं तापतं, तेल जास्त वर चढतं. कॉम्प्रेसरकडून ड्रायरकडे जाणाऱ्या तापलेल्या डिलिव्हरी पाईपात त्या तेलाचा कार्बन होऊन पाईपाचं भोक बारीक होतं. मग हवा भरायला आणखी वेळ, आणखी ताप, आणखी तेल. उरलेलं तेल ड्रायरमधल्या, हवेतलं पाणी शोषणाऱ्या दाण्यांवर बसतं. तेलकट दाणे पाणी धरत नाहीत, म्हणून पाणी आणि तेल दोन्ही पुढे टाक्यांत, तिथून फूट व्हॉल्व (ब्रेक पेडलचा) आणि रिले व्हॉल्व (मागच्या चाकांना हवा सोडणारा) यांच्या रबरांपर्यंत. रबर फुगतं, व्हॉल्व नीट बसत नाही आणि गळती वाढते. मराठवाड्याच्या मे महिन्यात, ४२-४३ अंशांत, हे चक्र जास्तच वेगानं फिरतं.

आधी काय जमवायचं

फवाऱ्याची बाटली, त्यात पाणी आणि भांडी घासायचा लिक्विड साबण. धुण्याचा सोडा नको, तो ॲल्युमिनियमला खातो. पांढरा कोरा कागद, बॅटरी, मोबाईलचं स्टॉपवॉच, पान्हे, डोळ्यांवर चष्मा. हातभर रबरी नळीचा तुकडा, तो कशाला ते पुढे येईल. आणि चार भक्कम लाकडी ठोकळे. दगड लावायची सवय सोडा, लोड गाडी दगडावरून सहज चढून जाते.

ठोकळ्यांवर इतका जोर देतो कारण या तपासणीत हँडब्रेक सोडावा लागतो आणि माणसाला गाडीखाली जावं लागतं. जागा सपाट हवी, गाडी शक्यतो रिकामी हवी, केबिनमध्ये दुसरा माणूस हवा आणि त्यानं तुम्ही सांगितल्याशिवाय पेडल, गिअर किंवा हँडब्रेकला हात लावायचा नाही. दाबाखालचा कोणताही पाईप सैल करू नका. मागच्या चाकांच्या डबल चेंबरमध्ये (ब्रेक आणि हँडब्रेक दोन्ही लावणाऱ्या डब्यात) शेकडो किलोंच्या जोरानं दाबून बसवलेली स्प्रिंग असते. त्या चेंबरचा क्लॅम्प रस्त्याकडेला उघडायचा नसतो. ती स्प्रिंग सुटली तर समोरचा माणूस वाचत नाही. असा चेंबर खराब निघाला की अख्खा बदला.

सकाळची पहिली पाच मिनिटं, इंजिन बंद

आदल्या रात्री हवा पूर्ण भरून गाडी उभी करा आणि डॅशबोर्डवरच्या हवेच्या दोन्ही काट्यांचा आकडा लिहून ठेवा. सकाळी इग्निशन लावून परत वाचा. काही तासांत अर्धा-एक बार उतरणं चालतं. शून्यावर आली असेल तर पुढचं सगळं कराच.

आता स्टार्टर न मारता टाक्यांचे ड्रेन उघडायचे. पाणी आणि तेल रात्रभरात तळाशी बसलेलं असतं, म्हणून हे काम पहाटे. हवा रात्रीतच शून्यावर गेली असली तरी ड्रेन उघडल्यावर तळाचं पाणी-तेल खाली पडतंच, तेवढं पुरे. एकेक टाकी वेगळी, प्रत्येकीखाली वेगळा कागद, कागदावर टाकीचं नाव. हात आणि तोंड धारेपासून लांब. ड्रायरजवळच्या पहिल्या टाकीपासून सुरू करून मागे जायचं.

कागद थोडा वाळू द्या आणि मग वाचा. नुसती हवा किंवा चार थेंब पाणी असेल तर उत्तम. पावसाळ्यात थोडं जास्त पाणी येतं, पण रोज कपभर येत असेल तर ड्रायर संपला. पाणी वाळून जातं, तेलाचा डाग वाळत नाही, तो कागदाच्या आरपार दिसतो. ताकासारखं पांढुरकं-करडं काही आलं तर ते पाण्यात फेसलेलं तेल. काळं, चिकट, जळका वास असलेलं आलं तर डिलिव्हरी पाईपात कार्बन आहे हे समजूनच चाला.

कुठल्या टाकीत तेल आलं यावर खर्च ठरतो. फक्त पहिल्या टाकीत पुसट डाग असेल तर वेळ गेलेली नाही. मागच्या टाक्यांतही आलं असेल तर फूट व्हॉल्वच्या खालच्या एक्झॉस्टला पांढरं फडकं लावा आणि पेडल दोनदा दाबून सोडायला सांगा (हे हवा भरल्यावर करायचं, आत्ता लक्षात ठेवा). फडकं तेलकट झालं तर तेल सगळ्या सिस्टिममध्ये फिरलेलं आहे.

जाता जाता : ड्रमवर किंवा लायनरवर तेल दिसलं तर कॉम्प्रेसरला दोष देऊ नका. हवेतलं तेल चेंबरच्या डायफ्रामपर्यंत येतं, लायनरपर्यंत जाऊ शकत नाही. ते हबच्या सीलमधून आलेलं ऑइल किंवा ग्रीस असतं.

हवा किती वेळात भरते

ड्रेन बंद करा, ठोकळे तपासा, इंजिन चालू करा. बऱ्याच ट्रकमध्ये हवा पूर्ण भरली की ड्रायर ८ ते ८.५ बारच्या आसपास ‘फुस्स’ करतो, नव्या काही गाड्यांत जास्त. तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत असतो, तोच धरा. अमेरिकेतल्या ड्रायव्हर परीक्षेच्या पुस्तिकेत एक चांगली कसोटी दिली आहे : इंजिन रेसवर असताना ८५ वरून १०० पीएसआयला, म्हणजे साधारण ५.९ वरून ६.९ बारला, ४५ सेकंदांत पोचलं पाहिजे. त्याहून बराच वेळ लागत असेल तर मुख्य कारणं तीन. गळती मोठी आहे, डिलिव्हरी पाईप आतून बुजला आहे किंवा कॉम्प्रेसर थकला आहे. तपासायचंही याच क्रमानं, कारण खर्चाचा क्रमही हाच.

ड्रायरनं फुस्स केल्यावर लगेच साबण घेऊन धावू नका. एक मोठा झोत आणि त्यामागून काही सेकंद बारीक हवा येणं हे त्याचं रोजचं काम आहे, दाणे सुकवायची हवा बाहेर पडते. ती थांबतच नसेल तर ड्रायरचा चेक व्हॉल्व बघायचा. उलट टाकी भरत असताना, म्हणजे फुस्स व्हायच्या आधीच, ड्रायरच्या खालच्या तोंडातून हवा जात असेल तर तिथला पर्ज व्हॉल्व कार्बननं किंवा चिकट तेलानं अर्धवट उघडा अडकलाय.

यानंतर एक परीक्षा जिला काहीच लागत नाही. इंजिन आयडलवर ठेवा, पेडलला हात नको, चहा घ्या. ड्रायर किती वेळानं परत फुस्स करतो ते मोजा. ब्रेक न दाबता दर मिनिट-दोन मिनिटांनी फुस्स होत असेल तर ती हवा कुठेतरी निघून चाललीय आणि तुमचा कॉम्प्रेसर उभ्या गाडीत राबतोय.

गळती मोजायची

पूर्ण हवा, इंजिन बंद, ठोकळे लावलेले, हँडब्रेक सोडलेला, पेडलवरून पाय काढलेला. स्टॉपवॉच लावा. त्याच अमेरिकी पुस्तिकेची मर्यादा सुट्या ट्रकला मिनिटाला २ पीएसआय आणि ट्रेलर जोडलेल्याला ३. पण २ पीएसआय म्हणजे ०.१४ बार, आपल्या डॅशबोर्डच्या काट्याच्या जाडीइतकं. ते डोळ्याला कळत नाही. म्हणून पाच मिनिटं थांबा. पाच मिनिटांत ०.७ बारपेक्षा जास्त उतरलं तर गाडी नापास. मी स्वतः एवढी ढील देत नाही. धडधाकट गाडीचा काटा पाच मिनिटांत जागचा हललेला दिसत नाही.

आता दुसरा माणूस पेडल पूर्ण दाबून धरेल. दाबल्याबरोबर काटा थोडा खाली येतो, ती चेंबरमध्ये गेलेली हवा, ती मोजायची नाही. काटा स्थिरावला की वेळ सुरू. इथली मर्यादा सुट्या ट्रकला मिनिटाला ३ पीएसआय, ट्रेलरसह ४. पाय न हलवता पाच मिनिटं धरणं अवघड असतं, तेव्हा तीन मिनिटं धरा आणि सुट्या ट्रकला ०.६ बार ही हद्द माना.

दोन परीक्षांतला फरक हाच तुमचा नकाशा. पहिलीत पास आणि दुसरीत नापास असेल तर दोष फक्त ब्रेक दाबल्यावर हवा जाते त्या भागात : चेंबरचे डायफ्राम, त्यांचे पाईप, फूट व्हॉल्व किंवा रिले व्हॉल्वची खालची बाजू. पहिलीतच नापास असेल तर टाक्या, ड्रायर, हँडब्रेकची लाइन, सीट किंवा क्लच बूस्टरला गेलेले पाईप. काट्यांकडेही नीट बघा. बऱ्याच गाड्यांत हवेची सर्किटं (वेगवेगळ्या वाटा) वेगळी ठेवणारा प्रोटेक्शन व्हॉल्व असतो. अशा गाडीत गळती एकाच बाजूला असली तरी आधी दोन्ही काटे बरोबर उतरतात आणि एका पातळीनंतर एक थांबतो, दुसरा उतरतच राहतो. जो उतरत राहिला, गळती त्याच्या सर्किटात.

याच ओघात इग्निशन चालू ठेवून पेडल पंप करत हवा कमी करा आणि बजर कितीला वाजतो ते बघा. पुष्कळ गाड्यांत तो ४.५ ते ५ बारच्या आसपास वाजतो. वायर काढून ठेवलेले बजर मी इतके पाहिलेत की हे लिहिणं भाग आहे.

शोधायची

आधी कान, मग साबण. हायवेचा आवाज सुरू व्हायच्या आत, इंजिन बंद, माणसं गप्प. रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं जोडाजोडावरून फिरवत न्या, डॉक्टरसारखं. बारीक गळतीही सापडते. संशय आला तिथे फवारा. बारीक फेस हळूहळू जमला तर लिहून ठेवा, बघता बघता लिंबाएवढा फुगा आला तर तो जोड आजच करायचा.

कुठे बघायचं? नायलॉन पाईप चॅसीवर घासतो तिथे, सायलेन्सरजवळून जातो तिथे, आणि पट्टी तुटून लोंबतो तिथे. हंगाम संपल्यावर शेताकडेला चार महिने उभ्या राहिलेल्या गाडीत उंदरांनी कुरतडलेले पाईप मला दोनदा सापडले आहेत. ऊसवाल्यांनी हे आधी बघावं. टाकीच्या तळाचा ड्रेन विसरू नका, त्यात मातीचा कण अडकला तरी रात्रभरात टाकी रिकामी होते. पुश-फिट जोडात पाईप तिरका कापलेला असेल तर तो कितीही दाबला तरी गळणारच. काटकोनात कापून परत बसवा. पितळी युनियन आवळून आवळून चिरडू नका, आतली ओ-रिंग किंवा तांब्याचा वॉशर बदला. टेफ्लॉन टेपचे तुकडे आत जाऊन व्हॉल्वच्या सीटवर बसतात, म्हणून पहिला आटा सोडून टेप लावावी. ओ-रिंगच्या जोडाला टेप लागतच नाही.

आता सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ती जागा. हँडब्रेक सोडलेला आहे, पेडलवर पाय नाही आणि मागच्या रिले व्हॉल्वच्या तोंडातून हवा सारखी जातेय. बहुतेक गॅरेजांत लगेच रिले व्हॉल्व बदलतात. माझ्याकडूनही एकानं बदलून घेतला आणि गळती जशीच्या तशी राहिली. हवा तोंडातून येते म्हणजे दोष तोंडाचाच असं नाही. मागच्या डबल चेंबरमधलं मधलं सील गेलं की हँडब्रेकच्या बाजूची हवा ब्रेकच्या बाजूत शिरते, पाईपातून उलटी रिलेपर्यंत येते आणि तिथून बाहेर पडते.

परीक्षा साधी आहे. हँडब्रेक ओढा, म्हणजे चेंबरच्या त्या बाजूची हवा निघून जाते. गळती थांबली तर रिले चांगला आहे, चेंबरचं सील गेलंय. हँडब्रेक ओढूनही चालूच राहिली तर रिलेची सीट. आता चार चेंबरांतला कोणता? हँडब्रेक ओढलेलाच ठेवा. पेडलवर पाय नसताना ब्रेकच्या बाजूच्या पाईपात दाब नसतो, तेव्हा एका चेंबरचा तो पाईप काढून मोकळा ठेवा. हँडब्रेकचा पाईप नव्हे, दोन्हींत गल्लत होऊ देऊ नका. गाडीखालून बाहेर या आणि हँडब्रेक सोडायला सांगा. चेंबरच्या उघड्या तोंडातून हवा आली तर तोच दोषी. नाही आली तर परत हँडब्रेक ओढा, पाईप लावा, पुढचा चेंबर.

फूट व्हॉल्वलाही असंच. पाय नसताना खालून हवा येते आणि दाबल्यावर थांबते तर इनलेटची सीट घाण झालीय. दाबल्यावरच येते तर एक्झॉस्टची. तेलानं फुगलेल्या रबराचं हे नेहमीचं लक्षण.

तेल कुठून येतंय

गळती काढल्याशिवाय हा भाग सुरू करू नका. गळती काढा, टाक्या कोरड्या करा, आठवडाभर गाडी चालवा आणि कागद परत लावा. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा तेल तेवढ्यानंच कमी होतं.

नाही झालं तर स्वस्तातून महागाकडे जा. पहिला एअर फिल्टर. कॉम्प्रेसर पुष्कळ गाड्यांत इंजिनच्याच फिल्टरमागून हवा ओढतो. आपल्या काळ्या मातीची धूळ आणि उसाच्या पाचटाचा भुसा यांनी फिल्टर चोंदला की कॉम्प्रेसर हवेऐवजी खालून तेल ओढायला लागतो. फिल्टरकडून कॉम्प्रेसरला येणारा पाईपही बघा, तो आत दबलेला किंवा फुगलेला नको. मग डिपस्टिक : ऑइल खुणेच्या वर भरलंय का? इंजिनचा ब्रीदर (आतली वाफ बाहेर सोडणारी वाट) बुजलाय का? इंजिनच धापा टाकत असेल, ऑइलच्या झाकणातून वाफा येत असतील, तर कॉम्प्रेसर बदलून उपयोग नाही.

त्यानंतर डिलिव्हरी पाईप. इंजिन थंड आणि हवा शून्य करून तो काढा आणि आत बॅटरी मारा. कार्बनचा थर दिसला तर तारेनं खरवडत बसू नका. सुटलेली खपली थेट ड्रायरच्या व्हॉल्वमध्ये जाऊन बसते. पाईप नवा टाका. बसवताना त्याला ड्रायरकडे उतार द्या, मध्ये झोळ नको, झोळात पाणी साचतं.

एवढं सगळं होऊनही काळं तेल येतच असेल तर मग कॉम्प्रेसर उघडायचा. रिंगा, बोअर, हेडचे रीड व्हॉल्व आणि ऑइल परत जायची वाट. मी एकदा कॉम्प्रेसर ओव्हरहॉल केला आणि पैसे वाचवायला ड्रायरचं जुनंच कार्ट्रिज (दाण्यांचा डबा) ठेवलं. पंधरा दिवसांत टाकीत परत तेल. ते नवं नव्हतंच, जुन्या दाण्यांत मुरलेलं बाहेर येत होतं. कॉम्प्रेसर, डिलिव्हरी पाईप आणि कार्ट्रिज हे एका दिवशी करायचं काम आहे.

कार्ट्रिजची मुदत कंपनीच्या पुस्तिकेत असते. गव्हाणीच्या रांगेत दर दहा मिनिटांनी दोन हात पुढे सरकणाऱ्या गाडीचं कार्ट्रिज मात्र पुस्तिकेइतकं टिकत नाही. मी खंडेनवमीला गाड्या धुतो, त्याच दिवशी ते बदलतो, म्हणजे उसाचा हंगाम नव्यावर सुरू होतो. डुप्लिकेट कार्ट्रिज घेऊ नका. त्यातले दाणे फुटून पांढरी भुकटी टाकीत येते आणि ती तेलापेक्षा वाईट.

तेल पुढपर्यंत गेलं असेल तर टाक्या रिकाम्या करून पाईप सुटे करा आणि कोरड्या हवेनं फुंकून काढा. फूट आणि रिले व्हॉल्वचं किट टाका, चेंबरचे डायफ्राम बोटानं दाबून बघा. फुगलेलं, मऊ, चिकट रबर परत बसवू नका. सफाईला डिझेल, पेट्रोल, रॉकेल काहीही पाईपात ओतू नका. रबराची उरलीसुरली वाट लागते, आणि दाबाच्या हवेत पेट्रोलची वाफ म्हणजे आगीला आमंत्रण. ब्रेक ऑइलही नको. व्हॉल्व जोडताना किटबरोबर आलेलंच ग्रीस लावा, चॅसीचं नाही.

काम संपलं की दोन्ही मोजण्या त्याच दिवशी परत करा आणि आकडे गाडीच्या वहीत, तारखेसह लिहा. पासिंगच्या आदल्या दिवशी जोड आवळून भागतं, पण चार महिन्यांपूर्वी पाच मिनिटांत ०.१ उतरत होती आणि आता ०.४ उतरतेय हे फक्त वही सांगते. त्या रात्री गाडी हवा भरून उभी करा, काटे लिहा आणि पहाटे बजर वाजतो का ते ऐका.